जांभळ्या बोटांचे उस्ताद

भिंगारचे गॅरेजवाले उस्ताद गाडीआधी मालकाचा निकाल लावत. इंजिनाचं तेल बोटांवर घेऊन चोळायचं, हुंगायचं आणि सांगायचं. मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमी मानसं येळेवर तपासता. तेल मातर कदीच न्हाई."

पारनेरला माझा दवाखाना होता आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली पेट्रोलची जीप. वर्षात तिसऱ्यांदा ती बंद पडली, तीही बाळंतपणाला निघाले असताना. शेवटचे दोन मैल बैलगाडीने गेले. पोचले तोवर बाळ येऊन, रडून झोपलंही होतं. दर वेळी बिघाड एकच. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या छोट्या चाकाचे दाते झिजायचे, ठिणगी अवेळी पडायची, इंजिन खोकून थांबायचं. पारनेरचे मेकॅनिक नवं चाक बसवून मोकळे. म्हणून या वेळी जीप ओढत भिंगारला नेली.

उस्तादांनी चाक चिमटीत धरलं. "ह्याला फिरवनारा दांडा, कॅमशाफ्ट, कुनीतरी नवा घातलाय, लई कडक पोलादाचा. त्यो ह्या बिडाच्या चाकाला खातोय. ह्याला कांस्याचं चाक पायजे."

ते त्यांनी लेथवाल्याकडून करून घेतलं. तरी समाधान नाही. दाते कुठे टेकतात ते बघायला रंग हवा होता. त्यांनी माझ्या बॅगेतून, तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध मागून घेतलं आणि दात्यांना फासलं. चाक फिरवल्यावर फक्त कडेचा रंग पुसला गेला. "बगा, सगळा भार कडंवर." मग पातळ वायसर घालून त्यांनी चाक नीट टेकवलं.

जीप सुटली, उस्ताद अडकले. बोटांचा रंग रॉकेलनेही निघेना. खरजेलाही लोक तेच औषध लावत, त्यामुळे उस्तादांना खरूज झाल्याची बातमी बाजारात पसरली. चहावाल्याने त्यांचा कप वेगळा काढला, न्हावी दाढी उद्यावर ढकलू लागला. चौथ्या दिवशी उस्ताद एसटीने पारनेरला, भरल्या दवाखान्यात हजर.

"बाई, तुमची गाडी मी वाचवली. आता माजी अब्रू तुमी वाचवा."

मी भिंगारला गेले आणि चहावाल्यासमोर उस्तादांच्या त्या वेगळ्या कपातूनच चहा प्याले. दुपारी न्हावी आपणहून वस्तरा घेऊन गॅरेजात आला. उस्ताद म्हणाले, "आज न्हाई. उद्या ये."

ते चाक पुन्हा झिजलं नाही.

पुढे उस्तादांचे कान गेले. मीच तपासले. उपाय नव्हता, तसं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, कागदाची घडी खिशात घातली आणि ते बाहेर जाऊन जीपच्या चालू इंजिनावर तळवा टेकवून उभे राहिले.

"बरी हाय ही," ते म्हणाले. "तुमी कशा हाय?"

"बरी आहे."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा, सावकाश म्हणाले.