आईच्या गाण्यांची परवानगी

मुलीनं पुण्यात नवा मॅक घेतला आणि जुना आमच्या गावी, गोरेगावच्या घरी आणून ठेवला. त्यात माझं वेगळं खातं उघडून दिलं. आईची पोवारी बोलीतली हळदीची गाणी तिनं गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केली होती, ते फोल्डर तिनं स्वतःच्या खात्यातून सामाईक जागी हलवलं आणि ती निघून गेली. त्यानंतर आईचा गळा बसला, तो उठलाच नाही. आता आमगावला पुतणीची हळद दुसऱ्या दिवसावर आली होती.

"मी नाही गाऊ शकत, तं हा डब्बा गाईन," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मी फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढलं. मॅक म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्याच आईची गाणी, आणि हा कोण मला अडवणारा? माझं डोकं फिरलं. मुलीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

फोल्डर हललं तरी त्याचं कुलूप सोबत येतं, असं तिनं समजावलं. मग म्हणाली, 'गेट इन्फो' उघड, खालच्या कुलपावर क्लिक कर, माझा पासवर्ड टाक.

"पासवर्ड काय आहे?"

"काऊन."

"अवं, उद्या हळद आहे मनून."

"बाबा, काऊन."

"सांगतलं ना, गानी पाह्यजेत."

शेजारी बसलेल्या आईला हसू आवरेना. पासवर्डच तो होता. आजी दिवसभर ज्याला-त्याला 'काऊन?', म्हणजे 'का?', असं विचारते, म्हणून नातीनं तो ठेवला होता.

कुलूप उघडलं. यादीत 'एव्हरीवन'पुढे 'नो अ‍ॅक्सेस' होतं. मी तिथे 'रीड ओन्ली' करायला गेलो. आईनं अर्थ विचारला.

"सगळ्याईले आयकता येते, बदलवता येत नाही."

"काऊन? गाण्यात नवरीचं नाव बदलवा लागते ना गा."

खरंच की. रेकॉर्डिंगच्या वेळी नात समोर बसली होती, म्हणून आईनं गाण्यात तिचंच नाव घातलं होतं. मॅकवरून ते असं बदलत नसतं, हे मी सांगून पाहिलं. पण आई अडून बसली. शेवटी सगळ्यांना 'रीड अँड राइट', म्हणजे बदलायचीही परवानगी दिली, आतल्या फायलींनाही तीच लागू केली आणि पुन्हा ओढलं. या वेळी फोल्डर मुकाट्यानं गेलं.

"तिकडं गेलं, तं इथं उरन का?"

"उरन. दोनी जागी राह्यते."

तेव्हा कुठे आई जेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी मांडवात स्पीकरवर आईचा जुना, खणखणीत आवाज लागला. गाणं नावाच्या जागी आलं, तसं स्पीकरमधून माझ्या मुलीचं नाव निघालं, आणि हळद लावणाऱ्या साऱ्या बायांनी त्यावर एका सुरात पुतणीचं नाव चढवलं. स्पीकर ऐकू येईना.

आई माझ्या कानाशी लागली.

"पाह्य," ती म्हणाली, "परवानगी पोचली."