अबुकची मुदतवाढ

करुणा तिरपुडेचा राजकारणावर विश्वास होता, तिथेच तिचं चुकलं. दुसरी कुणी असती तर लांबूनच हात जोडून मोकळी झाली असती. पण ही वाढली नागपूरच्या इंदोऱ्यात, चळवळीच्या घरात. वडील रामदास कायम सभेला. घरात पीठ आहे की नाही, याचा त्यांना पत्ता नसायचा, पण ‘आपलं माणूस आत बसलं पाहिजे’ हे वाक्य पोरांना रोज जेवणाबरोबर वाढलं जायचं. आत म्हणजे जिथे कायदे होतात तिथे. रामदास स्वतः कधी आत गेले नाहीत, आणि ज्यांना त्यांनी आत पाठवलं त्यांनी नंतर ओळखही दाखवली नाही. तरी करुणाची श्रद्धा तशीच. काही माणसं ठेच लागली तरी रस्त्यालाच धन्य मानतात.

ती शिकायला सिडनीला आली, तिथली कायमची रहिवासी झाली, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. यतिनशी लग्न झालं, क्वेकर्स हिलला घर झालं. मूल मात्र झालं नाही. सकाळच्या ट्रेनमध्ये रोज समोर बसणारी एक उंच नर्स हळूहळू जिवाभावाची मैत्रीण झाली. ती अबुक. दक्षिण सुदानची. लहानपण निर्वासितांच्या छावणीत गेलेलं, नवरा वारलेला, पदरात अचोल नावाची एक मुलगी. तिचा देश जगातला सगळ्यात नवा. स्वतंत्र झाल्यापासून तिथे एकदाही निवडणूक झालेली नव्हती. संसद होती, पण खासदार पक्षांनी नेमलेले.

दोन हजार तेवीसच्या सुरुवातीला अबुकला तिथल्या तिच्या पक्षाचा फोन आला. संसदेत बायकांच्या कोट्यातली एक जागा रिकामी आहे, येतेस का?

“अचोलचं काय करू?” अबुक म्हणाली. दोघींचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत सांगतो.

“माझ्याकडे राहील,” करुणा म्हणाली. “तू जा. तुझ्यासारखी बाई तिथे आत नको? आयुष्यभर काय फक्त नाइट शिफ्ट करणार?”

पुढच्या वर्षाच्या अखेरीस निवडणूक ठरलेली होती. तेवढी झाली की नेमलेल्यांचं काम संपणार. निघायच्या आधी अबुकने अचोलला समोर बसवून शब्द दिला, “निवडणूक झाली की मी परत. ख्रिसमस आपण इथेच करू.” शेजारी उभ्या करुणाचे डोळे भरून आले. आपल्या हातून काहीतरी मोठं घडतंय, असं तिला मनापासून वाटलं. यतिनला तसं काही वाटलं नाही, पण त्याला विचारतो कोण?

मग जवळजवळ दोन वर्षं करुणाने अचोलचं सगळं केलं. शनिवारचं नेटबॉल, शाळेच्या पेरेंट-टीचर मीटिंगा, पहिली ब्रा, गणिताची रडारड. पोर भातावर वरण मागायला लागली, करुणाला मावशी म्हणायला लागली. फोनवर आई संसदेच्या गोष्टी सांगायची तेव्हा ती कान देऊन ऐकायची. खोलीतल्या कॅलेंडरवर डिसेंबर तिने केव्हाच रंगवून ठेवला होता.

आणि त्या नोव्हेंबरात संसदेपुढे विधेयक आलं. निवडणूक दोन वर्षं पुढे, संसदेची मुदतही दोन वर्षं पुढे. खासदारांनी खासदारांनाच मुदतवाढ द्यायची.

अबुक फोनवर गरजली, “मी विरोध करणार आहे. बघच तू!”

म्हणून संध्याकाळी जेवणं उरकून तिघं टीव्हीसमोर बसली. तिथे दुपार व्हायची होती. कुणीतरी फेसबुकवर लाइव्ह लावलं होतं. पिवळ्या कपड्यातली अबुक तिसऱ्या रांगेत दिसली तेव्हा अचोल ओरडली, “दॅट्स मम!” भाषणं झाली. अबुक उठली नाही. बोलेल आता, बोलेल आता, म्हणत करुणा खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. शेवटी अध्यक्षांनी बाजूने कोण म्हणून विचारलं आणि हात वर झाले. अबुकचाही झाला. घुटमळला असता, शेवटी वर गेला असता, तरी करुणाने तिला माफ केलं असतं. तो तर शेजारणीच्या आधी वर गेला होता.

“शी पुट इट अप,” अचोल एवढंच म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे करुणाला त्या दिवशी कळलं. तासाभराने अबुकचा फोन आला तेव्हा तिने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पोरीला आईनेच सांगावं, असं तिच्या मनात होतं.

“तू शब्द दिला होतास,” करुणा म्हणाली.

“विरोध केला असता तर उद्याच पक्षाने दुसरी आणली असती. बाहेर बसून मी काय करणार? आत आहे म्हणून काहीतरी करता येतं.”

“आणि अचोल?”

अबुकचं उत्तर तयार होतं.

“अगं, तूच म्हणालीस ना मागच्या महिन्यात? ‘ती आता माझीच मुलगी झालीय, तू आली नाहीस तरी चालेल.’ त्या भरवशावर तर मी हात वर केला, करुणा. नाहीतर माझी हिंमत झाली असती?”

यतिनने पुढे होऊन फोन बंद केला.

अचोल करुणाकडे बघत होती. “मावशी, डिड यू से दॅट?”

म्हटलं होतं. मैत्रिणीला अपराधी वाटू नये म्हणून, हसत हसत, प्रेमाने म्हटलं होतं. हे सगळं समजावून सांगायला करुणाने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून फक्त “हो” बाहेर पडलं.

अचोल उठली. करुणाने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला आणि म्हणाली, “सो यू वोटेड टू.”