मांडीवरचा पैलवान

केसरबाईच्या नवऱ्याला, सांडू पैलवानाला, कुस्ती हरून जमाना झाला. पण हरल्याचं खापर अजून बायकोच्याच डोक्यावर. "ऐन कुस्तीच्या आदल्या रात्री बायकोपाशी निजलो, तिथंच ताकद गेली," हे त्यानं अख्ख्या वाळूजला सांगून झालं होतं. केसरबाई दातओठ खायची अन् भाकरी थापायची.

आता पैलवान शहरातल्या एका चित्रकला कॉलेजात वॉचमन. तिथं रद्दीत निघालेलं एक जुन्या युरोपी चित्राचं मोठं छापील पान त्यानं घरी आणलं, चौकटीत घातलं अन् बैठकीत लावलं. बायबलातला शमशोन नावाचा वीर दलीला नावाच्या बाईच्या मांडीवर डोकं टेकून घोरतोय. एक जण कात्रीनं त्याचे केस कापतोय, दारात शिपाई टपलेत. केसांतच त्याची सारी ताकद होती म्हणे.

येईल त्या पाहुण्याला पैलवान बोट दाखवायचा. "ह्यो मी. अन् ही आमची!" पाहुणे खिदळायचे. मेल्यांना चहा मात्र तिच्याच हातचा लागायचा.

इथवर तिनं गिळलं. पण लेकाचं, गोकुळचं, लगीन झालं अन् गंगापूरच्या जत्रेतली त्याची कुस्ती उद्यावर आली. रिवाजाप्रमाणं गोकुळ रातच्याला तालमीत मुक्कामाला निघाला, तर सासऱ्यानं नव्या सुनेला, सायलीला, चित्रापुढं उभं केलं.

"नीट बघून ठेव. पोरगं हरलं तर तुझ्यापायीच हरलं, असं गाव म्हणंल."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. केसरबाई तव्यावरची भाकर तशीच सोडून उठली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"अवो, तुमीच बघा की नीट! एवढा आडदांड गडी, त्या बाईनं काय उचलून आणला व्हय मांडीवर? आपल्या पायानं आला, ढोसून आडवा झाला. त्यो बघा, पेला लवंडलाय. अन् तुमाला तरी कोण बोलवाया आलं होतं? तालमीची भिंत चढून कोण आलं? मागं जा म्हणले, पाया पडले, हललात का तुमी?"

पैलवान लालबुंद झाला. "मंग दार कशाला उघडलंस गं?"

"तेवढंच चुकलं माझं." ती सुनेकडं वळली. "सायली, आज रातच्याला कडी वाजली तर उघडू नको. कितीबी वाजू दे."

गोकुळ उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.