वानखडे सरांच्या बजेटमधलं ‘किरकोळ’

नवीन घर घेतलेल्या माणसाला नुसतं ‘झालं का सगळं?’ म्हणून बघा, तासभर उठू देत नाही. राजापेठेतल्या आमच्या क्लासच्या स्टाफरूममध्ये तर वर्षभर दुसरा विषयच नव्हता. अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवणारे वानखडे सर फ्लॅट घेत होते ना! दर चहाला एक नवा किस्सा.

*

सरांनी बजेट आम्हा सगळ्यांना दाखवलं. पहिला खर्च वास्तुशांतीच्या रोडग्यांच्या जेवणाचा! अंजनगाव सुर्जीहून कोण कोण येणार, वांगी किती, कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या किती, सगळं सविस्तर. फ्लॅटच्या किमतीखाली मात्र एकच शब्द, ‘किरकोळ’.

मी म्हटलं, "सर, स्टॅम्प ड्युटी कुठाय?"

"ते बिल्डर पाह्यते मॅडम!"

फिजिक्सचे शेख सर कप खाली ठेवून म्हणाले, "बिल्डर सिर्फ देखेगा सर, भरना आपकोच है!"

*

रजिस्ट्री तोंडावर आली आणि ड्युटीचे पैसे काही जुळेनात. सर्वात जास्त हाल सरांच्या बायकोचे, सुवर्णावहिनींचे. भाड्याच्या घरात मालक त्याच्या मर्जीने नळ सोडायचा, आणि वहिनींनी सगळा संसार त्या नळाच्या वेळेवर केला होता. आता फ्लॅट हातचा जातो की काय, म्हणून त्यांना जेवण गोड लागेना. मला खरंच वाईट वाटायचं.

तोड शेख सरांनीच काढली. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर ड्युटी एक टक्का कमी लागते. तेवढ्यात भागत होतं. पण सर अडून बसले.

"गावात काय सांगू? बायकोच्या घरी राह्यतो म्हनू?"

वहिनी म्हणाल्या, "मंग जल्मभर घरमालकाच्याच घरी राह्यता काय?"

रजिस्ट्री वहिनींच्या नावावर झाली.

*

ताबा मिळाला तो नेमका मे महिन्यात. सामानात आधी कूलर चढवला, तर खिडक्या स्लायडिंगच्या, कूलर बसायला जागाच नाही! लोखंडी स्टँड बनवा, ग्रिल कापा, वायर ओढा. घाम पुसत सर ओरडले, "बाप्पा! हवा बी एक्स्ट्रा हाय काय?"

*

मग दाराला पाटी लागली. ‘सौ. सुवर्णा वानखडे’, बस्स. तिसऱ्या दिवशी सर बोलले.

"अन् माह्यं नाव?"

"तुमचं नाव पायजे? मंग तो एक टक्का भरा!"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी चहासुद्धा घेतला नाही.

*

शेवटी वास्तुशांती. आम्ही सगळे होतो. गावाकडच्या मंडळींनी सोसायटीच्या गच्चीवर गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर लावला आणि रोडगे भाजायला टाकले. धूर बघून सेक्रेटरी धापा टाकत वर आले. त्यांना पंगतीत बसवलं, तूप वाढलं, ते पोटभर जेवले. हात धुऊन आले तर आर विझलेला, आणि त्याच्याखालच्या सगळ्या फरश्या तडकलेल्या!

"वानखडे सर, गच्चीचा खर्च तुमाले भरा लागन."

सर एकदम ताठ उभे राहिले. "मले काहून मांगता? घर हिच्या नावावर हाय. दारावरची पाटी वाचा ना!"

सेक्रेटरी वहिनींकडे वळले. वहिनी वरण वाढत होत्या. त्यांनी वाढणं थांबवलंसुद्धा नाही.

"बराबर हाय भाऊ, घर माह्यंच हाय. हे भाडेकरू हायेत. त्याइच्या डिपॉझिटमधून कापून घ्या!"