नंदूभावजींच्या टायरातली मिरची

सई, ये बाई, अशी जवळ बस. कागदावरच बसायचंय, कांदिवलीहून मरोळला यायचे कष्ट नाहीत. पंधरा दिवस झाले, तू काकीशी बोलत नाहीस. फोन केला की कट! मेसेज केला की उत्तरात नुसता अंगठा! अंगठा घ्यायला मी काय रेशनचं दुकान आहे? एवढी शिकलीस, दोन शब्द लिहायला काय होतं गं तुला?

तर. तुझ्या बाबाच्या शोकसभेत मी हसले, हे खरं आहे.

थोडीथोडकी नाही. पहिल्या रांगेत, पांढरी साडी नेसून, समोर फोटोला हार, उदबत्त्यांचा धूर, आणि माझ्या नाकातून घोड्यासारखा आवाज! पदर तोंडात कोंबला तर खांदे हलायला लागले. मागून एक बाई म्हणाल्या, "रडू द्या त्यांना. आईच्या जागी होत्या हो त्या." ते ऐकून मला आणखी हसू! कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. अख्ख्या हॉलला वाटलं, म्हातारी कोसळली. तू एकटीने ओळखलंस. आणि उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलीस.

म्हणून आज सगळं सांगते. हे कुणाला सांगायचं नाही अशी तुझ्या बाबाने मला शपथ घातली होती. पण आता शपथ घालणाराच पुढे निघून गेला (पुढे जायची घाई त्याला जन्मापासूनच), आणि तू माझ्यावर रुसलेली मला परवडत नाही. वाच, आणि मग रुसायचं तर रूस.

मी लग्न होऊन वाकोल्याच्या खोलीत आले तेव्हा तुझा बाबा, म्हणजे आमचे नंदूभावजी, बारा वर्षांचे. सासूबाई आधीच गेलेल्या. दिराला अहो-जाहो करायची आमच्याकडे रीत, म्हणून मी पदराचं टोक हातात धरून म्हणायचे, "भावजी, इकडे या. नाक शिंकरा." एवढा आदर जगात कुठल्या शेंबड्या पोराला मिळाला नसेल!

पुढे ते मोटारसायकलच्या शर्यती जिंकायला लागले, मग गाड्यांच्या. चॅम्पियन झाले. पेपरात फोटो, गळ्यात हार. लोक मला विचारायचे, "वहिनी, त्यांच्या मागे बसायला भीती नाही वाटत?" वाटायची ना! संध्याकाळपर्यंत घरी पोचू का, याची! मी भाजीची पिशवी घेऊन मागे बसले की गाडी ताशी वीस. एकदा तर गिरणीतून दळण घेऊन चालत निघालेल्या एका बाईने आम्हाला मागे टाकलं. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही चॅम्पियन ना?" तर म्हणतात, "वयनी, शर्यतीत सगळ्यांना माहीत असतं कुठे वळायचंय. इथे रिक्षावाल्याचं त्यालाच माहीत नसतं."

आता टायरांकडे येते.

सात-आठ वर्षं झाली. तू पुण्याला होस्टेलवर होतीस. मोसमातली शेवटची शर्यत उरली होती. जिंकले तर पन्नाशी उलटल्यावर पुन्हा चॅम्पियन, हरले तर घरी बसायचं, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलेलं. त्यांच्या गॅरेजचं छप्पर उघडलं होतं, म्हणून एका दुपारी ते चार टायर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्या गॅलरीत ठेवून गेले. मी भाजी आणायला गेलेली. सगळ्या सूचना तुझ्या मोठ्या काकांना दिल्या, आणि मोठे काका क्रिकेट बघत होते! क्रिकेट चालू असताना ह्यांना 'घराला आग लागलीय' सांग, म्हणतील, "बरं बरं, तिथेच ठेव."

"अहो, हे काय?"

"नंदूचे टायर."

"आपल्याकडे कशाला?"

"असू देत म्हणाला."

मी प्लास्टिक सोडून बघितलं. अगं, टायर गुळगुळीत! रिक्षाच्या टायरला असते तेवढीसुद्धा रेघ नाही. थेट तुझ्या मोठ्या काकांची टाळू! आधी वाटलं, हा माणूस असल्या झिजलेल्या टायरांवर पळतो? मग म्हटलं, छे, झिजले म्हणूनच आपल्याकडे टाकलेत. सगळ्यांचं भंगार आमच्याच घरी येतं ना! तुझ्या आईची ती व्यायामाची सायकल अजून आहे इथे, मी तिच्यावर लुगडी वाळत घालते.

आता मला कोण सांगणार होतं, की शर्यतीचे नवेकोरे टायर असेच असतात? जमिनीला जास्त चिकटावेत म्हणून मुद्दाम गुळगुळीत? मला आपलं एवढंच ठाऊक, की नक्षी आहे म्हणजे नवं आणि नक्षी गेली म्हणजे जुनं.

दोन दिवसांनी डेंग्यूची तपासणी करणारी मुलगी आली. हातात टॉर्च, स्टुलावर चढून कुंड्यांत बघितलं, फ्रिजच्या मागे बघितलं, मग गॅलरीत बोट केलं.

"आजी, हे टायर कुणाचे?"

"दिराचे."

"दिराला ठेवा, टायर काढा. पाणी साचलं की डास होतात. मी पुन्हा बघायला येणार आहे."

आणि त्याच सुमारास आमच्या सोसायटीने गॅलरीतल्या बागेची स्पर्धा लावली! सेक्रेटरी परेराबाईंनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला. मी मोबाइलवर बघितलं, तर एक बाई जुन्या टायरांच्या कुंड्या करत होती. इतकी सुंदर! मी म्हटलं, बास. डासही गेले, भंगारही गेलं, आणि पहिलं बक्षीस आलं.

सई, मी आठवडाभर राबले गं. टायर आडवे घालून खाली गोणपाट लावलं. लाल माती भरली, त्यात घरचं खत, आणि नर्सरीतून आणलेली चांगली वाढलेली रोपं. तुळस नाही लावली, गाडीच्या पायातल्या वस्तूत तुळस कशी लावायची? एवढी अक्कल होती मला. एकात पुदिना, एकात मिरची, एकात अळू, एकात अबोली. बाजूने ऑइलपेंटने एकावर कमळ, एकावर मोर, एकावर वेलबुट्टी काढली. चौथ्यावर काय काढावं सुचेना, म्हणून लिहिलं, 'सुस्वागतम्'. जिथे रस्त्याला टेकतात तो भागही पिवळा करणार होते, पण डबा संपला. (तो डबा संपला नसता तर आज ही गोष्ट विनोदी झाली नसती.)

गुरुवारी दुपारी परेराबाई वही-पेन घेऊन बाग बघायला येणार होत्या. मी पैठणी नेसून तयार. बेल वाजली. दारात भावजी! मागे त्यांचा मेकॅनिक रफिक. खाली टेम्पो उभा.

"या, भावजी या! अगदी वेळेवर आलात. तुमच्या भंगाराचं काय केलंय बघा!"

भावजी गॅलरीच्या दारात उभे राहिले. बोटाने चारही कुंड्या मोजल्या. मग अगदी हळू म्हणाले, "वयनी, माझे टायर खंय गेले?"

चिडले किंवा घाबरले की तुझा बाबा मालवणीत शिरायचा. मला तिथेच समजायला हवं होतं. मी आपली हौसेने म्हणाले, "अहो, समोरच तर आहेत!"

रफिक उकिडवा बसला, पानं बाजूला केली आणि म्हणाला, "उस्ताद, अगले टायर में पुदिना आया है."

"आणि मागच्यात?"

"मिरची. अच्छी लगी है."

तेवढ्यात उघड्या दारातून परेराबाई आत. "ओ माय गॉड! काय ब्युटिफुल केलंय गं! हा मोर बघ!"

भावजी म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा. मला ही बाग उपटायची आहे."

"उपटायची? जजिंग चालू असताना? नियमात बसत नाही!"

"अहो, माझी रविवारी शर्यत आहे!"

"आमची आज आहे!"

मग भावजींनी मला समजावून सांगितलं. टायर नवे आहेत. परदेशातून मागवलेत. महिनोन् महिने वाट बघितली तेव्हा आले. असा दुसरा संच मुंबईत कुणाकडे नाही. हे नसले तर रविवारी गाडी शर्यतीत उतरवताच येणार नाही.  ज्याचं नाक पुसलं, त्याचीच शेवटची शर्यत मी मातीत घातली! अगदी शब्दशः, खत घालून!

तेवढ्यात आतून हे आले. "अरे हो, नंदू म्हणाला होता खरं. ऊन लागू द्यायचं नाही, तेल लागू द्यायचं नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "मातीचं काही बोलला नव्हता."

मला काहीतरी केल्याशिवाय राहवेना. रंगाच्या कामातलं टर्पेंटाइन उरलं होतं. बोळा बुडवला आणि मोराला लावणार, तोच दोघं एकदम ओरडले, "नको!" त्याने म्हणे रबर खराब होतं. बोळा माझ्या हातून उडाला तो थेट पैठणीवर.

मग सगळे कामाला लागलो. झाडं उपटायची, पण मारायची नाहीत, कारण परेराबाई हटायला तयार नाहीत. "माझं मार्किंग बाकी आहे." म्हणून अळू गेलं प्रेशर कुकरात, पुदिना मिक्सरच्या भांड्यात, अबोली ह्यांच्या दाढीच्या मगात. मिरचीची झाडं रफिकने उपटली, दोन-चार मिरच्या हातात चुरडल्या, आणि त्याच हाताने त्याने कपाळावरचा घाम पुसला! घाम डोळ्यांत. "या अल्ला!" म्हणून जो ओरडला, तो खालचा वॉचमन धावत वर आला. मी त्याच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवत बसले. एका हाताने घडी, दुसऱ्या हाताने परेराबाईंना चहा.

बाथरूममध्ये चॅम्पियन अर्धी चड्डी घालून काथ्याने टायर घासतायत. बादलीत गांडुळं. "वयनी, ह्यात गांडुळं पण पाळली होतीस?" "घरचं खत आहे ते, भावजी. सेंद्रिय." घासून घासून माती गेली, रंग काही जाईना. मी कंपनी चांगली निवडली होती ना! शेवटी त्यांनी डोळे मिटून एकेका टायरच्या पाठीवरून हात फिरवला, तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मी नळ बंद केला.

"रस्त्याला लागतो तो भाग शाबूत आहे. रंग नुसता बाजूला आहे. पळतील."

मला रडूच फुटलं. "भावजी, माझ्यामुळे हरलात तर?"

"हरलो तर सांगेन, वयनीने हरवलं. जिंकलो तर तू कोणाक सांगू नको. रेसिंगवाल्यांत तोंड दाखवता येणार नाही. घे शपथ."

रफिकचे डोळे टोमॅटोसारखे. म्हणून टेम्पो चॅम्पियननेच चालवत नेला. ताशी वीसने, मी गॅलरीतून बघितलं.

रविवारी रफिकने शर्यतीच्या जागेवरून व्हिडिओ कॉल लावला. "भाभीजी, सब हंस रहे हैं." हसतीलच! पुढच्या चाकावर कमळ, मागच्यावर सुस्वागतम्! ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने क्रिकेट बंद केलं. मी देवाला म्हटलं, माझ्या हाताला काय ती शिक्षा दे, त्यांच्या पायाला देऊ नको. शेवटच्या दोन फेऱ्यांत भावजी दुसरे होते. मग एका वळणावर ते असे आत शिरले, असे शिरले, की ह्यांनी माझा हात दाबला तो सुजलाच! जिंकले गं! गाडी थांबली तेव्हा मोर उलटा होता, पण जिंकले!

(स्पर्धेत मला उत्तेजनार्थ मिळालं. 'बाग स्थिर नसल्यामुळे' असं परेराबाईंनी वहीत लिहिलंय.)

पुढे लोक भावजींना विचारायचे, टायरवर हे फूल कसलं? खरं सांगायची लाज, म्हणून ते गंभीर चेहरा करून म्हणायचे, "ती एक साधना आहे." आणि मग दरवर्षी गुपचूप टायर घेऊन यायचे. "वयनी, एक कमळ काढ. बाकी काही लावू नको." नवीन पोरांनीही आपापल्या टायरांवर फुलं काढायला सुरुवात केली!

आता सांग. शोकसभेत तो दाढीवाला रेसर माइक धरून उभा राहतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि म्हणतो, "सरांचं ते कमळ म्हणजे वेगातली शांती. सरांना ते ध्यानात दिसलं होतं." आणि माझ्या डोळ्यांपुढे अर्ध्या चड्डीतला तुझा बाबा आणि कुकरातलं अळू! काय करायचं होतं मी?

घरी आल्यावर रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून, जिथे त्याने टायर घासले तिथेच. ते तुला दिसलं नाही. तुला हसणं तेवढं दिसलं. पण खरं सांगू? त्याचं नाव निघालं की मला आधी हसूच येतं. इतकी वर्षं त्याने तीच सवय लावली.

तर आता राग सोड आणि ये. तुझ्या आईने त्याचा शर्यतीत जिंकलेला तो सगळ्यात मोठा कप माझ्याकडे पाठवलाय. "वहिनी, तुमच्याकडे जपून राहील," म्हणाली. (तिला ह्यातलं काहीच माहीत नाही!) मी तो गॅलरीत ठेवलाय, उजेडात छान दिसतो. चांगला खोल आहे गं. दोन्ही बाजूंना कान, उचलायलाही सोपा. मी रोज फक्त पुसते, आईशप्पथ. पण आज सकाळी मी धणे भिजत घातलेत, आणि ते कशासाठी, हे ह्यांनी दोनदा विचारूनही मी सांगितलेलं नाही.

कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत ये बाई. माझा मलाच भरवसा नाही.