टोपीतली तार

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मी कोणाला सांगितले नव्हते. मुंबईला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, पण चार माणसांसमोर माझे तोंड उघडत नसे.

बाबा सायकलवरून पोस्टाच्या तारा पोचवत. पडणे त्या कामात रोजचेच. सगळ्या तारवाल्यांच्या गुडघ्यांवर खुणा होत्या. मृत्यूची तार इतर तारांबरोबर पिशवीत ठेवायची नाही, टोपीत ठेवायची, ही बाबांची रीत. एके दिवशी अशीच तार टोपीत असताना वालावलच्या वळणावर लॉरीने त्यांना उडवले. मांडी मोडली, त्या सकाळचे काहीच आठवेना. टोपी गेली, तिच्याबरोबर तारही. ऑफिसने विचारले, पिशवीचा नियम मोडून तार हरवली, मग नोकरी का ठेवावी? मी इंग्रजीत दोन अर्ज केले. उत्तर एकच आले, तार पोचल्याचा पुरावा आणा.

शेवटी आई म्हणाली, "देवाक गाऱ्हाणा घालूया." ती बाबांपाशी थांबली, मी एकटी देवळात गेले. गुरव सगळ्यांदेखत देवाला अडचण सांगतो आणि घरच्यांनी प्रत्येक वेळी मोठ्याने होकार द्यायचा असतो.

"बा देवा म्हाराजा, हिच्या बापाशीची तार हरवली, ती गावांदे."

माझे ओठ नुसतेच हलले.

"देव बहिरो नाय गो," गुरव म्हणाला, "पण तुका तोंड आसा मां?"

लोक हसले. माझ्यापाशी आता अर्ज नव्हता, अभिमानही नव्हता. मी डोळे मिटले आणि ओरडले, "होय म्हाराजा."

बाहेरून जाणारी एक मासेवाली थबकली आणि काय झाले ते तिने दारातल्या लोकांना विचारले. किनाऱ्यावरची, अपघातानंतर पहिल्यांदाच इकडे आलेली.

"वळणार पडलेलो तो तुझो बापूस? तार माका टोपयेत गावली. मास्तराक नाव वाचूक सांगलंय आणि घराकडे नेवन दिलंय. ह्यो कागद तेंनी दिल्यानी. खंय देवचो ता म्हायत नाय, म्हणान ठेवलंय."

तिने कनवटीतून घडी काढली. पोचपावती, सही, वेळ, सगळे जागच्या जागी. माशांचा वास येत होता.

तार ऑफिसच्या साहेबांनी पावती दोनदा वाचली. पावसानंतर बाबा कामावर रुजू झाले आणि देवळासमोरून घंटी वाजवत गेले तेव्हा सारी वाडी रस्त्यावर होती.

ती बाई कोणी पाठवली, मी विचारत नाही. तिला थांबवायला माझी एक हाक पुरली, आणि ती हाक मी सगळे हातचे सुटल्यावरच मारली. नारळ ठेवायला गेलो तेव्हा गुरवाचे वाक्य पुरे व्हायच्या आधीच देवळात माझा आवाज घुमला, "होय म्हाराजा."