सोलर पॅनेलवर ओलं गोणपाट

सोलर पॅनेल बसवायला शिकवणारा सरकारी कोर्स माणिकपुरात निघाला. फी नव्हती, म्हणून मी सेहेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं. सांडोरला आमची केळीची वाडी. तिथे आता पहिल्यासारखं काम उरलेलं नाही, आणि रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. घरचे हसले. हसू दे म्हटलं.

वर्गात जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला जूचंद्रची एक तिशीतली बाई आली, मिठागरात राबलेल्या घरातली. मला काकी म्हणायची आणि पाना हातात घेतला की माझ्या दुप्पट वेगाने नट आवळायची. खरं सांगते, मला त्याचा रागच यायचा. पॅनेल बसवणाऱ्या एकाने तिला नोकरी कबूल केली होती, पण परीक्षा पास झाली तरच. मी नापास झाले असते तरी वाडी होतीच. तिला दुसरं काही नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षा गच्चीवर, भर दुपारी. पॅनेल आम्ही झटक्यात बसवलं. ती टाकीपलीकडे वायरी जोडायला गेली आणि मी तापलेल्या काचेकडे बघत उभी राहिले. आमच्याकडे लावणीसाठी काढलेल्या केळीच्या मुनव्यांवर, म्हणजे बुडाशी फुटलेल्या रोपांवर, ओलं गोणपाट टाकतात, नाहीतर उन्हात ते माना टाकतात. माझा हात आपोआप चालला. कोपऱ्यातलं गोणपाट नळाखाली भिजवलं आणि पॅनेलवर छान पसरलं.

परीक्षक आले. टाकीपलीकडच्या मीटरवर आकडा हलेना. तिने वायरी तपासल्या, पुन्हा जोडल्या. तिचा चेहरा पार उतरला. सर टाकीला वळसा घालून आले आणि गोणपाटाकडे बघतच राहिले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं, तोच ती पुढे झाली. "दोघींनी टाकलंय, सर. पानी मीच मारलं."

साफ खोटं! मी तिला मागे ओढलं आणि मुनव्यांची सगळी हकिगत सांगून टाकली. सरांना हसू आवरेना.

"जोडणी करताना पॅनेल झाकायचंच असतं, काकू. बाकीच्या जोड्या तेच विसरल्या. पण कोरड्या कापडाने! विजेच्या कामात पाणी?"

गोणपाट काढून, सगळं पुसून, त्यांनी आम्हाला जोडणी पहिल्यापासून करायला लावली. या वेळी आकडा टुणकन वर गेला. दोघी पास.

जिना उतरताना मी तिच्यावर चिडले. "नोकरी गेली असती ना तुझी!"

"गेली असती तं गेली असती. तुमाला एकटीला बोलनी खाऊ देनार व्हते का मी?"

मला जिन्यातच रडू कोसळलं. ती आधी घाबरली, मग माझ्याबरोबर रडायला लागली. मागून उतरणाऱ्या जोडीला वाटलं, आम्ही दोघी नापास झालो.